खांबावरचा विल्फ

स्लिवोविक, १४ नोव्हेंबर २०१७

बेरिल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्र न वाचता फेकणं तुझ्या स्वभावात नाही. तू जुनी वर्तमानपत्रंसुद्धा वाचून मगच रद्दीत टाकतेस.

तुझं म्हणणं मला मान्य आहे. थंडी सरली की घर विकते आणि विल्फला घेऊन परत येते. बर्नलीच्या चर्चमागे तुमच्या आई-वडिलांशेजारी जागा आहे, थडग्यावरच्या दगडाचंही तू बोलून ठेवलं आहेस, तेव्हा वाद संपला. तोवर तुझा भाऊ माझ्या स्वयंपाकघरात आहे. फळीवर, राखेच्या कलशात, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्यांशेजारी. तू नाक मुरडशील, पण या घरात तेवढी एकच जागा उबदार असते आणि विल्फला थंडी कधी सोसली नाही.

आठ वर्षांपूर्वी आम्ही इकडे राहायला निघालो, तेव्हा तू फाटकात उभी राहून त्याला म्हणाली होतीस, "तिथे मेलास तर तुला पोचवायला चार माणसं तरी येतील का?" त्यानंतर तू त्याच्याशी बोलली नाहीस. तोही तुझाच भाऊ, त्यानेही आपणहून फोन केला नाही. तर तुला बरं वाटणार असेल तर सांगते, चार आली नाहीत. राजधानीत, सोफियाच्या दहनगृहात मी होते, शववाहिनीचा ड्रायव्हर होता आणि शेजारच्या गावातला डेरेक होता, जो नॉरिचचा आहे आणि ज्याच्याशी विल्फचं कधीच पटलं नाही. मी धरून तीन.

गावात मी कोणाला बोलावलं नव्हतं, हेही खरं. विल्फ शेजारच्यांचा पंप दुरुस्त करता करता गेला. हातात पाना होता. त्या घरच्या वेलिकाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, "कोणी तसदी घेऊ नका. मी ठीक आहे." आपल्याकडे असं म्हटलं की माणसं चार दिवस लांब राहतात आणि मग केक घेऊन येतात. ही माणसं लांब राहिली ती राहिलीच. आठ वर्षं यांनी आम्हाला न विचारता दार ढकलून आत येणं शिकवलं, माझं वय विचारलं, पेन्शन विचारली, मूल का झालं नाही ते विचारलं, आणि विचारायची वेळ आली तेव्हा एकही फिरकलं नाही.

फिरकलं नाही, पण जे केलं ते ऐक. इथे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी छापलेला कागद फाटकावर, बस थांब्यावर, दुकानाच्या दारावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. जुने कोणी काढत नाही, पावसाने जातील तेव्हा जातील. आम्ही नवीन होतो तेव्हा आम्हाला वाटलं, गावात निवडणूक आहे. विल्फ बस थांब्यावर उभा राहून एकेक चेहरा निरखायचा. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका म्हातारीकडे बोट दाखवून म्हणाला, "माझं मत हिला. ही खात नाही आणि खाऊही देणार नाही." पुढे पंधरवडाभर तो तिच्यासमोरून जाताना टोपी काढायचा. वेलिकाच्या नवऱ्याने, मिंचोने, ते पाहिलं आणि हसून हसून तिथल्या बाकावर बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "माझी आई आहे ती." तिथून त्यांची दोस्ती.

तर या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी मी पाव आणायला निघाले आणि माझ्या फाटकावर विल्फ. द्राक्षांच्या उत्सवातला फोटो. गळ्यात लाल मिरच्यांची माळ, हातात ग्लास, डोळे अर्धे मिटलेले. दारुड्यासारखा. खाली त्यांच्या भाषेत कायकाय. पुढे बस थांब्यावर विल्फ, दुकानाच्या दारावर विल्फ. मला कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे खांबावर हरवलेल्या मांजरांचे फोटो लावतात, बेरिल, माणसांचे नाही. मी घरी जाऊन रंग खरवडायची पट्टी आणली आणि तिन्ही ठिकाणचे कागद फाडून काढले. भर दिवसा, सगळ्यांदेखत. परत आले तेव्हा वेलिका तिच्या कुंपणाशी उभी होती. हातात हे मोठं पातेलं. माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि पातेलं घेऊन आत गेली.

तेव्हापासून कोणी बोलत नाही. तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस. या एका बाबतीत तरी आपलं एकमत होईल.

ग्लेनिस

---

स्लिवोविक, २१ जानेवारी २०१८

बेरिल,

उत्तर नाही. ठीक आहे, मलाही लिहायची सवय लागली आहे आणि इथे बोलायला दुसरं कोणी नाही.

गुडघाभर बर्फ आहे. लाकडं आली, पण फोडलेली नाहीत. दर वर्षी मिंचो न सांगता कुऱ्हाड घेऊन यायचा आणि विल्फ त्याला शिकवल्यासारखं करत बाजूला उभा राहायचा. यंदा मी स्वतः फोडते. रोज जेवढी जळतील तेवढीच फुटतात.

परवा दुकानात गेले. दुकान सोंका नावाच्या बाईचं आहे. माझ्या वयाची, आवाज लाउडस्पीकरसारखा. माझ्या हातात चहाचा डबा पाहून तिने अडीच महिन्यांचं मौन सोडलं.

"परत चहा? इतकी आजारी आहेस?"

तुला सांगायला हवं, इथे चहा म्हणजे काढा. सर्दी-पडसं झालं, पोट बिघडलं, तरच पितात. आम्ही आल्या आल्या पाहुण्यांना दूध घातलेला चहा दिला, तर त्यांनी तो औषधासारखा एका दमात संपवला आणि आमच्या तब्येतीची चौकशी केली.

"आजारी नाही," मी म्हटलं. "मी ठीक आहे."

"ठीक आहेस, ठीक आहेस. तुझ्या तोंडून तेवढंच ऐकतो आम्ही. नवरा गेला तरी ठीक, कागद फाडले तरी ठीक. मग आम्ही काय करायचं? वेलिकाने चाळिसाव्यासाठी गहू उकडले होते. अख्खं पातेलं. साखर, अक्रोड घालून. तुझ्या फाटकावर कागद लावला, म्हणजे लोकांना कळेल कधी यायचं. आणि तू तो खरवडून काढलास."

मी म्हटलं, मला वाटलं त्यांनी थट्टा केली.

"थट्टा? मिंचो एवढ्या बर्फात... नाही, तेव्हा बर्फ नव्हता, चिखल होता. तर चिखलात तर्नोवोला जाऊन छापून आणला त्याने. फोटो त्याच्याकडे तेवढा एकच होता. बाई गं, कागद लावला की दार उघडं. कागद काढला की दार बंद. तू बंद केलंस, आम्ही परत फिरलो. याहून सोपं काय आहे?"

मी तिला समजावायचा प्रयत्न केला, की आमच्याकडे दुःखातल्या माणसाला एकटं सोडतात, त्याचा मान म्हणून. माझी भाषा मोडकीतोडकी, पण तिला कळलं. काउंटरवर दोन्ही हात टेकून ती माझ्याकडे बघत राहिली.

"एकटं? का? दुःख काय संडास आहे, आतून कडी लावून एकट्याने उरकायला?"

मी हसले. बेरिल, सप्टेंबरपासून पहिल्यांदा हसले आणि मग तिथेच, पावांच्या टोपल्यांसमोर, रडायला लागले. चारचौघांत. तुमच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. सोंका काउंटरच्या बाहेर आली, तिने माझं तोंड आपल्या एप्रनने पुसलं आणि चहाचा डबा काढून घेऊन परत फळीवर ठेवला. "तुला याची गरज नाही," म्हणाली.

म्हणजे चार माणसं आली असती. चाराहून जास्त आली असती. पट्टी घेऊन मीच त्यांना हाकललं. हे तुला लिहिणं सोपं नाही, पण गेल्या पत्रात मी तुला जे सांगितलं ते अर्धंच होतं आणि आता उरलेलं मलाही कळलं आहे.

ग्लेनिस

---

स्लिवोविक, २८ फेब्रुवारी २०१८

बेरिल,

तुझ्या तीन ओळी पोचल्या. हो, लक्षात आहे. मे महिना. घराला गिऱ्हाईक मिळालं आहे, डेरेकच्या ओळखीचं केंटमधलं जोडपं. त्यांना इथली शांतता हवी आहे. शांततेबद्दल मी त्यांना काही बोलले नाही.

वेलिकाकडे जायला मला महिना लागला. दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते केक घेऊन आणि माफीचं भाषण पाठ करून. फाटकाशी उभी राहून मी हाक मारत बसले, कारण आठ वर्षं झाली तरी दार ढकलणं मला जमत नाही. शेवटी मिंचो आतून ओरडला, "कोण आहे ते, पोलीस? माणूस असशील तर आत ये."

आत गेले. वेलिकाने माझ्यासमोर सपाता टाकल्या. बूट काढले, सपाता घातल्या. खिडकी जराशी उघडी होती ती तिने उठून लावली, कारण वाऱ्याच्या झोताने मान धरते, मूत्रपिंड जातं आणि माणूस मरतो, असं या गावात लहानथोर सगळे मानतात. विल्फचं हृदय बंद पडलं हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरी वेलिकाचं मत आहे की त्या दिवशी त्याच्या पाठीला वारा लागला.

मी भाषण सुरू केलं. मला फार वाईट वाटतं, माझा गैरसमज झाला, तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता, मी तुमची आभारी आहे, आणि पुन्हा वाईट वाटतं. वेलिका हाताची घडी घालून ऐकत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग जेव."

आणि वाटी पुढे सरकवली. राजम्याचं गरम सूप. मला वाटलं मिटलं. पण मी दोन घास खाल्ले आणि ती सुरू झाली.

"मला कागदाचं वाईट नाही वाटलं. कागद काय, पावसाने पण फाटतो. पण तो माणूस माझ्या अंगणात पडला. माझ्या. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तू येईपर्यंत. आणि तू मला म्हणतेस तसदी घेऊ नका? मी काय पोस्टमन आहे?"

मला हे माहीत होतं, बेरिल. मी धावत गेले तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. तुला मी हे कळवलं नव्हतं. त्याच्याजवळ शेवटी मी नव्हते, ती होती, हे मला सहन झालं नव्हतं. म्हणून तसदी घेऊ नका.

मी वेलिकाला विचारलं, "तू त्याला काय म्हणत होतीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, पंप चालू झाला, विल्फ. छान चालतोय."

"चालू झाला होता?"

"कुठला," मिंचो म्हणाला. "अजून गळतो."

वेलिकाने माझी वाटी पुन्हा भरली. ती संपली तरी मला उठून जावंसं वाटलं नाही.

निघताना वेलिकाने विचारलं, आता कुठे ठेवला आहेस त्याला. मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "मिरच्यांजवळ? माणूस आहे तो, लोणचं नाही." मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, सहा महिन्यांचा कागद अजून लावता येईल. मार्चमध्ये. फाटक तुझं, तेव्हा या वेळी तू सांगशील तसं.

मी हो म्हटलं आहे. तुला दिलेला शब्द मोडत नाही, एवढंच की जायच्या आधी त्याच्यासाठी हे करून येते.

ग्लेनिस

---

स्लिवोविक, २६ मार्च २०१८

बेरिल,

सगळं सांगते, आणि शेवटी एक गोष्ट आहे जिच्यावरून तू चिडणार आहेस.

कागदावर काय लिहायचं यावर आमचं चांगलंच वाजलं. वेलिकाचं म्हणणं, "असह्य दुःखाने आमचं काळीज फाटलं आहे" असं लिही, सगळे लिहितात. मी म्हटलं, आमच्या घरात असं कोणी बोलत नाही, "तो चांगला माणूस होता" एवढं पुरे.

"चांगला माणूस? हे तर आम्ही बसच्या कंडक्टरबद्दल पण म्हणतो."

मिंचो म्हणाला, "गावाचे पंप दुरुस्त केले असं लिहा."

"मग लोक कागद वाचून हसतील," वेलिका म्हणाली.

"हसू देत. तो पण हसला असता."

शेवटी लिहिलं, "चांगला माणूस होता. आम्हाला त्याची फार आठवण येते." दुसरं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, ते मी तुला सांगत नाही.

फोटो तोच, मिरच्यांच्या माळेचा. माझ्याकडे दुसरा धड नाही. त्याला फोटो काढताना डोळे मिटायची खोड होती, तुला माहीतच आहे.

मग वेलिकाने विचारलं, खाली नावं कोणाची? इथे शेवटी घरच्यांची नावं घालतात. मी म्हटलं, माझं. "आणि?" आणि कोणी नाही. "भाऊ-बहीण?" एक बहीण आहे, पण त्यांचं बोलणं नव्हतं. वेलिका माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी पुन्हा पट्टी घेऊन उभी आहे. "बोलणं नव्हतं म्हणून ती बहीण नाही? तिचं नाव नसलं तर गाव म्हणेल, बिचाऱ्याला मागे कोणी नव्हतं." मिंचो छापखान्यात जायला गाडी सुरू करून बसला होता. तुला विचारायला वेळ नव्हता. मी तुझं नाव घातलं.

शनिवारी माणसं आली. मी सकाळी उठून हॅम सँडविचं केली होती आणि लोणी घालून केक. ताटं झाकून ठेवली आणि वेलिका येऊन झाकण उचलते तर काय. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू आहेत. मांस नाही, लोणी नाही. आठ वर्षांत हे माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. वेलिकाने तिचं राजम्याचं पातेलं, कोबीची पानं भरून केलेला भात आणि उकडलेले गहू आणून मांडले. माझी सँडविचं कपाटात. मिंचो तेवढा दोनदा आत जाऊन आला आणि मिशा पुसत म्हणाला, "विल्फसाठी खाल्लं. देव समजून घेईल."

खुर्च्या कमी पडल्या. सोंकाने दुकान बंद केलं. ज्यांची नावंही मला नीट येत नाहीत ती माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि प्रत्येकजण माझा हात धरून एकच वाक्य म्हणत होता, देव त्याला क्षमा करो. पाचव्या-सहाव्या माणसानंतर मी वेलिकाला हळूच विचारलं, "क्षमा कशाबद्दल? त्याने केलं काय?"

"पंप दुरुस्त केले," वेलिका म्हणाली.

ग्लास भरले तेव्हा मी सवयीने माझा पुढे केला. इथे एरवी डोळ्यात डोळे घालून ग्लास आपटतात, नाही आपटला तर राग येतो. वेलिकाने तिचा ग्लास मागे घेतला. गेलेल्यासाठी पिताना ग्लास आपटायचा नसतो. आधी थोडी जमिनीवर ओतायची, त्याच्या वाट्याची. अंगणात सगळ्यांनी ओतली. मीही ओतली. घराच्या आत असतो तर मला फरशीची काळजी वाटली असती.

संध्याकाळ झाली तरी कोणी उठेना, आणि मला कोणी उठायला नको होतं. तू तेव्हा विचारलं होतंस ना, चार माणसं येतील का. मी त्यांना मोजलं नाही, बेरिल. बघत बसले.

आता माझ्या मनात काय आहे ते स्पष्ट लिहिते. मला इथून जायचं नाही. विल्फलाही न्यायचं नाही. टेकडीवरच्या दफनभूमीत मिंचोच्या आईच्या पलीकडे जागा आहे, जिला विल्फ मत देणार होता तिच्या. पाद्री म्हणतो, जाळलेल्या माणसासाठी त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही, पण जेवायला येईल. पण मी तुला शब्द दिला आहे आणि तो तुझा भाऊ माझा नवरा होण्याच्या आधीपासून आहे. म्हणून विचारते. ठेवू का त्याला इथे?

ग्लेनिस

---

स्लिवोविक, ९ मे २०१८

बेरिल,

एवढं लांब पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस. राग का होईना, दोन पानं.

तुझं नाव न विचारता "हरवलेल्या मांजरासारखं" खांबावर लावलं, ही चूक कबूल. ते शब्दही माझेच आहेत, मला परत आलेले दिसले. दगड कोरायला दिला आहे, आई-वडिलांजवळ त्याची जागा आहे, मेलेल्या माणसाने घरी यावं, हे सगळं समजलं. आणि तू शेवटी लिहिलंस की तो गेला तेव्हा तुला कळायला चार दिवस लागले आणि तुझ्याकडे केक घेऊनसुद्धा कोणी आलं नाही. तेही समजलं. ते वाक्य मी वेलिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी दूर, एकटी, आणि कागदही नाही तिच्या फाटकावर? मग तिच्याकडे येणार कोण?"

मी केंटच्या जोडप्याला सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगितलं आहे. ते नाराज आहेत. सप्टेंबरमध्ये वर्ष होतं. वर्षाचा कागद लावतात, माणसं पुन्हा येतात. तू ये. एकदा बघ. त्या अंगणात तासभर बस आणि मग तू सांगशील ते मी ऐकेन. तुला बर्नलीच हवं असेल तर मी घर विकीन आणि त्याला विमानात मांडीवर घेऊन तुझ्याबरोबर येईन. यात मी काही लपवून ठेवलेलं नाही.

सोबत मार्चचा कागद पाठवते. नोव्हेंबरचाही एक आहे. मी तिन्ही फाडले असं लिहिलं होतं, पण फाटकावरचा नीट सोडवून घेतला होता आणि कपाटात ठेवला होता. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

ग्लेनिस

---

स्लिवोविक, ६ सप्टेंबर २०१८

बेरिल,

तुझं पाकीट पोचलं. चार महिने वाट पाहायला लावलीस. मी फाटकातच उघडलं, वेलिका कुंपणावरून वाकून बघत होती. आत चिठ्ठी नव्हती, फक्त फोटो. विल्फ, विशी-बाविशीतला, ब्लॅकपूलच्या समुद्रावर, मोटरसायकलवर, मागे त्याच्या कमरेला धरून बसलेली तू. दोघंही तोंड उघडून हसताय. मी तुला असं हसताना कधी पाहिलं नाही. मग उलटून पाहिलं. तुझं अक्षर:

"यात डोळे उघडे आहेत. दगडवाल्याला थांबवलं आहे. विमान वीस तारखेला."

वेलिकाने विचारलं काय लिहिलं आहे. मी सांगितलं. तिने फोटो हातात घेतला, तुझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही येणार? मग मला भिंत रंगवायला हवी." मिंचो कालपासून ती रंगवतो आहे. केंटच्या जोडप्याला मी घर विकत नाही असं कळवून टाकलं.

आता नीट ऐक, कारण तुला इथे सगळंच विचित्र वाटणार आहे आणि माझ्यासारखी आठ वर्षं वाया घालवायला तुला सवड नाही. दार ठोठावू नकोस, ढकल. बूट काढ. तुझं वय विचारतील, सांगून टाक, त्यांनी आधीच अंदाज बांधलेला असतो. चहा मागू नकोस, नाहीतर तुला झोपवतील. फुलं आणलीस तर सम संख्येत आण, गेलेल्या माणसासाठी तशीच चालतात. एरवी कोणाकडे जाताना डझनभर फुलं नेऊ नकोस. मी एकदा सोंकाच्या वाढदिवसाला नेली होती आणि तिने देवाचं नाव घेऊन एक काढून टाकलं होतं. कोणी कसं आहे विचारलं तर "ठीक आहे" म्हणू नकोस. कशी आहेस ते सांग. त्यांना वेळ असतो.

वेलिकाने तुझ्यासाठी गादी उन्हात घातली आहे. खिडकी रात्री उघडी ठेवलीस तर आपलं दोघींचं काही खरं नाही.

तर्नोवोहून दुपारची बस घे आणि शेवटच्या थांब्यावर उतर. मी तिथे असेनच, पण मी पोचायच्या आधी तू उतरलीस तर घाबरू नकोस, गाव बरोबर आहे. थांब्याच्या भिंतीवर उजवीकडे बघ. तो तिथे असेल, मोटरसायकलवर, डोळे उघडे. कागदासाठी तुला कापून टाकावं का, असं छापखान्यातल्या मुलीने मिंचोला विचारलं. तो म्हणाला, राहू दे. खाली दोन नावं आहेत. त्यांची अक्षरं तुला वाचता येणार नाहीत, म्हणून सांगून ठेवते. पहिलं तुझं आहे.

ग्लेनिस